एडिसनमध्ये घर, मॅनहॅटनमध्ये नोकरी: ६५० डॉलरचा वाद

एडिसन, आयसेलिन, प्लेन्सबरो या पट्ट्यातल्या मराठी घरांत मार्च उजाडला की तीच तक्रार ऐकू येते. फेडरल रिटर्न एका संध्याकाळी झालं, पण राज्याचं काही केल्या हलत नाही. कारण साधं आहे. फेडरल रिटर्नला मालक एकच असतो. न्यूजर्सीत राहून न्यूयॉर्कात नोकरी करणाऱ्याच्या पगारावर मात्र दोन राज्यं हक्क सांगतात, आणि दोघांची 'उत्पन्न' या शब्दाची व्याख्या वेगळी असते. इथे असंच एक प्रकरण पहिल्या कागदापासून शेवटच्या आकड्यापर्यंत उलगडलं आहे. हे जोडपं कुणा एका घरावरून उचललेलं नाही. अशा घरांत सर्रास दिसणाऱ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत आणि आकडे गोल ठेवले आहेत. दर आणि नियम २०२४ या करवर्षाचे आहेत.

घर आणि पगार

नवराबायको, शाळेत जाणारी दोन मुलं, एडिसनमध्ये महिना २,८०० डॉलर भाड्याचं घर. तिची नोकरी मॅनहॅटनमधल्या कंपनीत आहे. आठवड्याचे तीन दिवस गाडी पकडून पेन स्टेशन, दोन दिवस घरून काम. त्याची नोकरी न्यूजर्सीतच आहे. फेडरल हिशोबाने तिचा पगार १,५०,००० आणि त्याचा ९०,००० डॉलर. बँकेचं व्याज वगैरे सध्या शून्य धरू, त्याकडे नंतर येऊ. फेडरल रिटर्न दोघांचं एकत्र आहे, त्यामुळे दोन्ही राज्यांची रिटर्नंही एकत्रच भरावी लागतात. त्याने वर्षभरात न्यूयॉर्कमध्ये पाऊल टाकलं नसलं, तरी न्यूयॉर्कच्या रिटर्नवर त्याची सही लागते.

डब्ल्यू-२ वरचे दोन सोळा

पहिली ठेच इथेच लागते. तिच्या डब्ल्यू-२ वर, म्हणजे कंपनीने दिलेल्या वर्षभराच्या पगार-कपातीच्या पत्रकावर, बॉक्स १ मध्ये (फेडरल पगार) १,५०,००० आहेत. खाली बॉक्स १६ मध्ये राज्यांच्या दोन ओळी आहेत: न्यूयॉर्क १,५०,००० आणि न्यूजर्सी १,५९,०००. बेरीज ३,०९,०००. एवढा पगार तिला कुणी दिलेला नाही.

न्यूयॉर्कचा नियम असा, की कर्मचारी तिथे थोडे दिवस काम करत असला तरी बॉक्स १६ मध्ये फेडरल पगाराचा पूर्ण आकडा लिहायचा. किती भाग न्यूयॉर्कचा, हे कर्मचाऱ्याने रिटर्नमध्ये दाखवायचं. न्यूजर्सीच्या आकड्यात ९,००० जास्त आहेत, कारण तिच्या पगारातून करपूर्व कापलेला आरोग्यविम्याचा हप्ता (६,०००) आणि एचएसए, म्हणजे आरोग्यखर्चासाठीचं बचत खातं (३,०००), न्यूजर्सी पगारातून वगळतच नाही. निवृत्तीसाठीच्या बचतीपैकी ४०१(के) वगळतं, पण ४०३(बी) वगळत नाही. न्यूजर्सीचा प्राप्तिकर १९७६ चा आहे आणि तो फेडरल कायद्याला जोडून घेतलेला नाही. त्याने आपली उत्पन्नाची यादी स्वतः बनवली आहे, त्यामुळे फेडरलमध्ये जे सुटलं ते इथेही सुटेल अशी आशा धरू नये.

सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ओळी भरल्या की बरेचदा न्यूजर्सीचा पगार ३,०९,००० दिसायला लागतो. घाबरून लोक एक ओळ पुसून टाकतात. मग रिटर्न आणि कंपनीने राज्याला कळवलेला आकडा जुळत नाही आणि काही महिन्यांनी पत्र येतं. दोन्ही ओळी छापल्या आहेत तशाच ठेवाव्यात आणि दुरुस्ती न्यूजर्सीच्या विभागात करावी, म्हणजे त्या नोकरीचा पगार १,५९,००० राहील. आणखी एक गोंधळ. राज्यांच्या ओळी एका पानावर मावल्या नाहीत की कंपनी दुसरं पान देते. ते वेगळा डब्ल्यू-२ समजून भरलं तर फेडरल पगारच दुप्पट होतो.

काही डब्ल्यू-२ वर न्यूजर्सीची ओळच नसते. मग १,५०,००० उतरवून मोकळं व्हायचा मोह होतो. तेव्हा ९,००० स्वतः मिळवावे लागतात. एचएसएचा आकडा बॉक्स १२ मध्ये डब्ल्यू या अक्षरासमोर असतो, विम्याचा हप्ता वर्षाच्या शेवटच्या पगारपत्रकावर. बॉक्स १२ मध्ये डीडी समोरही विम्याचाच एक मोठा आकडा दिसेल, पण त्याला हात लावू नये. त्यात कंपनीचा वाटाही मिसळलेला असतो.

आधी न्यूयॉर्क

क्रम ठरलेला आहे: फेडरल, मग बाहेरचं राज्य, शेवटी राहतं राज्य. न्यूजर्सीला न्यूयॉर्कच्या कराचं क्रेडिट (तिथल्या कराबद्दल आपल्या करातून सूट) द्यायचं असतं, आणि न्यूयॉर्कचा कर ठरल्याशिवाय ते क्रेडिट काढता येत नाही.

बाहेरच्या रहिवाशांसाठी न्यूयॉर्कचा फॉर्म आयटी-२०३. त्यात दोन रकाने असतात: एकात फेडरल उत्पन्न, दुसऱ्यात त्यापैकी न्यूयॉर्कचं. न्यूयॉर्क त्याच्या ९०,००० वर कर लावत नाही, पण दर ठरवताना ते मोजतं. दोघांचे मिळून २,४०,०००. त्यातून स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट) १६,०५० आणि दोन मुलांचे प्रत्येकी १,००० वजा केले की २,२१,९५० उरतात. उत्पन्न १,०७,६५० च्या वर गेलं की न्यूयॉर्क खालच्या टप्प्यांच्या स्वस्त दरांचा फायदा हळूहळू परत घेतं. या जोडप्याच्या बाबतीत तो पूर्ण निघून गेलेला आहे, म्हणून सगळ्यावर सरळ ६ टक्के, म्हणजे १३,३१७ डॉलर. हा झाला कागदावरचा कर. आता न्यूयॉर्कच्या उत्पन्नाचं प्रमाण: १,५०,००० भागिले २,४०,०००, म्हणजे ०.६२५०. प्रत्यक्ष कर ८,३२३ डॉलर.

तिच्या एकटीच्या पगारावर घर चालत असतं, तर हाच कर सुमारे ७,२०० आला असता. नवऱ्याच्या न्यूजर्सीतल्या पगाराने तिचा न्यूयॉर्कचा कर अकराशेने चढवला. 'त्यांना माझ्या पगाराशी काय घेणं?' हा प्रश्न दर वर्षी विचारला जातो, आणि उत्तर दर वर्षी हेच असतं.

एक दिलासा आहे. न्यूयॉर्क शहराचा वेगळा कर बाहेरून येणाऱ्यांना लागत नाही. तो १९९९ मध्येच गेला. यॉन्कर्समध्ये नोकरी असेल तर मात्र अर्धा टक्का लागतो.

घरून काम केलेले ९४ दिवस

खरी कटकट इथे आहे. आठवड्याचे दोन दिवस ती एडिसनच्या घरी बसून काम करते, मग त्या दिवसांचा पगार न्यूयॉर्कचा कसा?

न्यूयॉर्कचं म्हणणं असं. कंपनी न्यूयॉर्कची आहे आणि घरून काम कंपनीची गरज म्हणून नाही, कर्मचाऱ्याच्या सोयीसाठी चाललं आहे. म्हणून तो दिवस न्यूयॉर्कचाच. हा सोयीचा नियम आयटी-२०३-बी या जोडपत्रात अगदी उघडपणे बसवलेला आहे. २०२४ चे ३६६ दिवस घ्या. शनिवार-रविवार १०४, सुट्ट्या १०, आजारपण ३, रजा १४ वजा करा. कामाचे दिवस उरतात २३५. पुढे विचारतात, यातले न्यूयॉर्कबाहेर किती? ती लिहिते ९४. लगेच पुढची ओळ: त्यातले घरून किती? ती लिहिते ९४. त्याखाली वजाबाकी, शून्य. आधी हाताने द्यायचं आणि पुढच्याच ओळीत काढून घ्यायचं.

या ९४ दिवसांत डिसेंबरमध्ये पुण्यात आईवडिलांकडे बसून लॅपटॉपवर केलेले दहा दिवसही आहेत. बऱ्याच जणांना वाटतं, देशाबाहेर होतो म्हणजे ते दिवस तरी सुटले. नाही सुटत. कोथरूडच्या गॅलरीत बसून केलेलं कामही स्वतःच्या सोयीचंच ठरतं. सुटतात ते दिवस, जेव्हा कंपनीने कामासाठी बाहेर पाठवलेलं असतं: डॅलसला क्लायंटकडे चार दिवस, किंवा कंपनीच्याच न्यूजर्सीतल्या ऑफिसात बैठक. त्यांचा पुरावा, म्हणजे तिकीट, हॉटेलचं बिल, बोलावल्याची ईमेल, त्याच वर्षी फोल्डरमध्ये टाकून ठेवावा. तीन वर्षांनी शोधून सापडत नाही.

घरालाच कंपनीचं अधिकृत ऑफिस ठरवायचा एक रस्ता आहे. त्याच्या कसोट्या न्यूयॉर्कच्या कर खात्याने २००६ च्या परिपत्रकात दिल्या आहेत. कामाला लागणारी खास यंत्रसामग्री घरीच असणं, ही मुख्य कसोटी. ती नसेल तर दुय्यम यादीतल्या किमान चार आणि आणखी एका यादीतल्या तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. टेबल, मॉनिटर आणि वायफाय एवढ्यावर ते होत नाही. कोर्टाचा रस्ताही लोकांनी चोखाळला आहे. कनेक्टिकटमध्ये राहून मॅनहॅटनच्या कार्डोझो लॉ स्कूलमध्ये शिकवणारे कायद्याचे प्राध्यापक एडवर्ड झेलिन्स्की २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयात (कोर्ट ऑफ अपील्स) हरले. कराचा कायदा शिकवणारा माणूस जिथे हरला, तिथे सॉफ्टवेअरच्या रकान्यात ९४ टाकून जिंकायची आशा जरा जास्तच आहे.

मग न्यूजर्सी

न्यूजर्सी आपल्या रहिवाशाचं सगळं उत्पन्न मोजतं: १,५९,००० अधिक ९०,०००, म्हणजे २,४९,०००. दोघांचे प्रत्येकी १,००० आणि मुलांचे प्रत्येकी १,५०० वजा केले की २,४४,०००. भाडेकरूला भाड्याच्या १८ टक्के रक्कम घरपट्टी समजून वजा करता येते. इथे ३३,६०० चे १८ टक्के म्हणजे ६,०४८. उरले २,३७,९५२ आणि त्यावर कर ११,११५ डॉलर.

आता क्रेडिट. त्यासाठी शेड्यूल एनजे-सीओजे हे जोडपत्र. पहिल्या ओळीत दोन्ही राज्यांनी कर लावलेलं उत्पन्न, १,५०,०००. दुसरीत न्यूजर्सीचं एकूण उत्पन्न, २,४९,०००. प्रमाण ६०.२४ टक्के. म्हणजे न्यूजर्सी जास्तीत जास्त ११,११५ चे ६०.२४ टक्के, ६,६९६ डॉलर सोडायला तयार आहे. न्यूयॉर्कला ८,३२३ गेले असले तरी क्रेडिट दोहोंतलं कमी तेवढंच. न्यूजर्सीचा कर उरला ४,४१९. वरचे १,६२७ डॉलर कुणीच परत देत नाही.

या शेड्यूलवर तीन चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिल्या ओळीत न्यूयॉर्कच्या फॉर्मचा चुकीचा रकाना उतरवून २,४०,००० टाकणं, ही पहिली. दुसरी, तिथे न्यूजर्सीचा १,५९,००० टाकणं. त्यातल्या ९,००० वर न्यूयॉर्कने करच लावलेला नाही, मग क्रेडिट कसलं? तिसरी सर्वांत जास्त होते: भरलेला कर म्हणून डब्ल्यू-२ च्या बॉक्स १७ चा, म्हणजे कपातीचा, आकडा टाकणं. तिच्या पगारातून न्यूयॉर्कसाठी ८,१०० कापले गेले होते, पण कर ठरला ८,३२३. शेड्यूलवर ठरलेला कर जातो, कापलेला नाही. या प्रकरणात ती चूक पचून जाते, कारण मर्यादा ६,६९६ वरच लागली आहे. न्यूयॉर्कचा कर मर्यादेपेक्षा कमी असेल आणि कपात जास्त झाली असेल, तेव्हा हीच चूक महागात पडते.

भाड्याच्या वजावटीची गंमतही पाहण्यासारखी आहे. वरवर ती ३८५ डॉलर वाचवते. पण कर कमी झाला की क्रेडिटची मर्यादाही खाली येते, म्हणून हातात उरतात १५३. वजावटीऐवजी सरसकट ५० डॉलरचं क्रेडिट घ्यायची मुभा आहे, त्यामुळे खरा फायदा १०३ डॉलरचा. क्रेडिट घेणाऱ्याने दोन्ही बाजूंनी हिशोब करून बघावा म्हणूनच फॉर्मवर दोन रकाने दिलेले असतात.

भांडायचं की नाही

समजा, तिने सोयीच्या नियमाकडे काणाडोळा केला आणि २३५ पैकी १४१ दिवसच न्यूयॉर्कचे दाखवले. न्यूयॉर्कचा पगार होईल ९०,०००, प्रमाण ०.३७५०, कर ४,९९४. न्यूयॉर्कमध्ये ३,३२९ डॉलर वाचले! नाक्यावरच्या चर्चेत हाच आकडा फिरतो.

पण न्यूजर्सीचं पान उलटा. आता दोन्हीकडे कर लागलेलं उत्पन्न ९०,००० च आहे. प्रमाण ३६.१४ टक्के, क्रेडिट ४,०१७, न्यूजर्सीचा कर ७,०९८. दोन्ही राज्यं मिळून १२,०९२. सरळ मार्गाने भरलं तेव्हा बेरीज होती १२,७४२. घरात उरले ६५० डॉलर. बाकीचे २,६७९ न्यूयॉर्कच्या खिशातून निघून न्यूजर्सीच्या खिशात गेले, कुटुंबाला त्यातला एक सेंट मिळत नाही. आणि त्यासाठी कागद कुणी सांभाळायचे, पत्रांना उत्तरं कुणी द्यायची, हरल्यावर व्याज कुणी भरायचं? तिनेच.

९४ दिवसांचं खरं भांडण दोन राज्यांचं आहे, हे न्यूजर्सीलाही कळतं. २०२३ च्या जुलैत ट्रेन्टनने, म्हणजे न्यूजर्सी सरकारने, कायदा केला. सोयीचा नियम लावणाऱ्या राज्यांच्या रहिवाशांना न्यूजर्सीही तोच नियम लावणार, आणि न्यूयॉर्कशी भांडून कर परत मिळवणाऱ्या न्यूजर्सीकराला क्रेडिट देणार. न्यूजर्सी स्वतः मात्र तोपर्यंत घरून केलेल्या दिवसांवर न्यूयॉर्कला भरलेल्या कराचंही क्रेडिट देतं. म्हणून आमचा कल सरळ भरण्याकडे आहे. कंपनीने खरोखर बाहेर पाठवलेले दिवस असतील तर ते जरूर वजा करावेत.

खरा फरक पडतो तो कंपनीने तिची नेमणूकच जर्सी सिटीच्या ऑफिसात केली तर. मग न्यूयॉर्कचे दिवस प्रत्यक्ष गेलेलेच धरायचे. ते शून्य असतील तर कर फक्त न्यूजर्सीचा, ११,११५. पूर्ण १,६२७ वाचतात. मात्र पगारातून न्यूयॉर्कची कपात बंद आणि न्यूजर्सीची सुरू झाली का, हे पहिल्याच पगारपत्रकावर बघावं. नाहीतर वर्षभराचा पैसा चुकीच्या राज्यात जाऊन बसतो.

नोकरी न्यूयॉर्कऐवजी पेनसिल्व्हेनियात असती तर यातलं जवळजवळ काहीच करावं लागलं नसतं. त्या दोन राज्यांचा आपसात करार आहे. कंपनीला आरईव्ही-४१९ हा फॉर्म दिला की पगारावर फक्त न्यूजर्सीचा कर. फिलाडेल्फिया शहराचा पगारकर तेवढा करारात येत नाही.

एप्रिलमधला धक्का

न्यूयॉर्कला २२३ भरायचे, ते चालतं. न्यूजर्सीचे मात्र ४,४१९ पैकी त्याच्या पगारातून जेमतेम २,४०० कापले गेलेत आणि तिच्या पगारातून शून्य. म्हणजे एप्रिलमध्ये दोन हजार एकदम. एवढ्यावर भागत नाही. ४०० डॉलरपेक्षा जास्त कर राहणार असेल तर न्यूजर्सीला वर्षभरात हप्ते भरावे लागतात, नाहीतर एनजे-२२१० वर व्याज निघतं. कारण सरळ आहे. त्याच्या पगाराची कपात जणू घरात तेवढाच पगार येतो अशा हिशोबाने होते, आणि कर लागतो तो दोघांच्या बेरजेच्या दराने.

उपाय दोन. एनजे-१०४०-ईएसने वर्षात चार हप्ते, प्रत्येकी ५०० (१५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी). किंवा त्याने एनजे-डब्ल्यू४ नव्याने भरून दर पंधरवड्याच्या पगारातून ८० डॉलर जादा कापायला सांगावेत. २६ पगारांत २,०८० होतात. दुसरा उपाय बरा, कारण तारखा लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.

भारतातल्या एफडीचं व्याज

शून्य धरलेल्या व्याजाकडे आता वळू. पुण्यातल्या बँकेतल्या एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या कमाईच्या) ठेवीवर ४,००० डॉलर व्याज असेल आणि त्यावर तिथे टीडीएस कापला गेला असेल, तर फेडरलमध्ये त्याचं क्रेडिट मिळतं. न्यूजर्सीत मिळत नाही. परदेशी सरकारला भरलेल्या कराचं क्रेडिट न्यूजर्सी देत नाही, आणि भारत-अमेरिका करार राज्यांच्या कराला लागू नाही. एनआरई (परदेशातून पाठवलेल्या पैशांच्या) खात्याचं व्याज भारतात करमुक्त असतं, म्हणून इथेही सुटेल हा समज तर सगळ्यांत टिकाऊ. ते फेडरलमध्येही दाखवायचं आणि न्यूजर्सीतही. न्यूयॉर्कला ते थेट मिळत नाही, पण प्रमाणाच्या भाजकात आणि दरात शिरतं.

दोन वर्षांनी पत्र आलं तर

ज्यांनी ९४ दिवस वजा करून भरलं, त्यांना न्यूयॉर्कचं पत्र कधी रिफंड अडकवून लगेच येतं, कधी दोन-अडीच वर्षांनी. कंपनीचं पत्र आणि तारीखवार यादी मागतात. मान्य झालं नाही तर ३,३२९ आणि व्याजाचं बिल. बिल भरून बहुतेक जण फाइल बंद करतात, आणि इथेच पैसे बुडतात. न्यूयॉर्कचा कर वाढला म्हणजे न्यूजर्सीचं क्रेडिटही वाढलं. एनजे-१०४०एक्स हे दुरुस्त रिटर्न भरून ते २,६७९ परत मागायचे असतात, मूळ रिटर्नपासून तीन वर्षांच्या आत. सोबत न्यूयॉर्कचा दुरुस्त हिशोब, पैसे भरल्याचा पुरावा आणि नव्याने केलेलं शेड्यूल एनजे-सीओजे जोडावं. पत्र तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आलं असेल तर न्यूयॉर्कशी वाद चालू असतानाच न्यूजर्सीकडे मागणी नोंदवून ठेवावी.